आखजीच्या आधीचा आंबा

२७ मार्च २००६, सोमवार

आजचाही प्रयोग फसला. टरबूज, खरबूज, पपई, द्राक्षं, केळी, सफरचंद असं सगळं सकाळी कापलं, काळं मीठ, चाट मसाला, लिंबू, पुदिना घातला आणि फ्रिजमध्ये ठेवलं. अकराला लाइट गेली ती थेट तीनला आली. झाकण काढून पाहते तर केळी काळी, सफरचंद तांबूस, आणि मिठामुळे टरबुजाला इतकं पाणी सुटलेलं की बाकीची फळं त्यात गटांगळ्या खात होती. संध्याकाळी हे ऑफिसातून आले, वाकून पातेल्यात पाहिलं आणि म्हणाले, "सरबत केलं का?"

मी पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं. बोलले असते तर घर दणाणलं असतं.

कल्पना माझी आहे आणि ती चांगली आहे, असं मला अजून वाटतं. उन्हाळ्यात साखरपुडे, बारशी, भिशी यांना आमच्या अमरावतीत खंड नाही. पंचेचाळीसच्या उन्हात घरची बाई भजी तळत उभी, आणि पाहुणे तेलकट बशी हातात घेऊन पंख्याखाली जागा शोधतात. त्याऐवजी गॅस न पेटवता होणारी गार फळांची डिश दिली तर? ऑर्डरी घ्यायच्या, घरून करून पोचवायच्या.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण मैनाताई. माझी मोठी जाऊ. दिवाळीनंतर गावी वलगावला माझे थोरले दीर, नत्थुजीभाऊजी, गेले. कसे गेले ते मी या वहीत लिहिणार नाही. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून ताईंना आम्ही इकडे राजापेठला घेऊन आलो. तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत, म्हणजे मागच्या खोलीत खिडकीशी बसून आहेत. हे रोज ऑफिसला जाताना मला दारात थांबवून हळू आवाजात बजावतात, "वहिनीले एकटं सोडू नको. कामात गुंतव." त्यांना कशाची भीती वाटते ते मला कळतं. मलाही वाटते. ताई न्हाणीत जास्त वेळ राहिल्या की मी उगाच बाहेरून बादली वाजवते.

१ एप्रिल, शनिवार

आज ताई स्वतःहून स्वयंपाकघरात आल्या! मी चौथ्यांदा टरबूज कापत होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. ताईंनी एक फोड तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि म्हणाल्या, "मीठ आत्ता कायले टाकतं? वाढतानी टाक. आन् केळं काढून टाक त्यातलं. कोनं सांगतलं तुले केळं?"

दिवाळीनंतर त्यांनी माझ्याशी बोललेली ही सगळ्यात लांब वाक्यं. मला राग यावा की आनंद व्हावा तेच कळेना. केळं माझंच होतं, कोणी सांगितलं नव्हतं. काढून टाकलं.

मग दुपारभर दोघी चाखत बसलो. ताईंची जीभ तिखट आहे, दोन्ही अर्थांनी. "हे कडू झालं." "याच्यात लिंबू नाई, लिंबाचा बाप पडला." संध्याकाळी यांना सांगितलं तेव्हा हे चप्पल न काढता तसेच खुर्चीत बसले आणि डोळे पुसले. म्हणे धूळ गेली.

६ एप्रिल, गुरुवार

सफरचंदाचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. लिंबू लावलं तर आंबट होतं, नाही लावलं तर तांबूस. शिवाय सगळ्या फोडी सुट्या सुट्या, वाटीत एकमेकींशी भांडल्यासारख्या पडतात. चव एकजीव होत नाही.

फळं मी कोपऱ्यावरच्या कुर्बानभाईंच्या गाडीवरून घेते. मी टरबुजावर टकटक करून पाहत होते तर म्हणाले, "भाभी, ठोकून काय पाहता, आतून कोनी दरवाजा खोलनार हाय का?" मग त्यांनी गवतात ठेवलेले आंबे दाखवले. हैदराबादकडची बैगनफल्ली, पिवळीधमक. आणि मला एकदम सुचलं. आमरस! सगळ्या फोडी घट्ट आमरसात घोळवायच्या. सफरचंद झाकलं जाईल, तांबूस पडणार नाही. सगळ्यांना एक चव. आणि शिजवायचं काहीच नाही.

मी पिशवीभर आंबे मागितले तेव्हा कुर्बानभाई जरा थांबले. "इतके? आखजीच्या आंधी तुमच्या लोकात चालते काय आंबा?"

"आमच्याकडे सगळं चालतं," मी म्हटलं. चालतंच. माझे वडील मास्तर होते, जुनं काही पाळायचं नाही असा त्यांचा बाणा. बाजारात आंबा आला की आमच्या घरात आला. सासरीही मी आंबा कधी अडलेला पाहिला नाही. उलट दर वर्षी हेच मार्चपासून पिशव्या आणतात. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखजीला, वलगावला भाऊजींकडे जेवायला जायचं, एवढाच माझा त्या सणाशी संबंध.

८ एप्रिल, शनिवार

जमलं. जमलं. जमलं.

आमरसात वेलची, चिमूटभर सुंठ, त्यात टरबूज सोडून बाकी सगळ्या फोडी. टरबूज शेवटी, वाढताना. तीन तास लाइट नव्हती तरी रंग जसाच्या तसा. मी एकटीने उभ्याने दोन वाट्या खाल्ल्या.

ताईंना वाटी दिली. त्यांनी हातात घेतली, पाहिली आणि ओट्यावर ठेवली. "चाखा ना," म्हटलं. "मंग पाहीन." रात्री फ्रिजमध्ये ती वाटी तशीच होती.

यांनाही दिली. म्हणाले, "अॅसिडिटी वाढली आहे, आंबा नको." गेल्या वर्षीपर्यंत हा माणूस बाठा चोखून पांढरा करायचा! जेवताना काल दोन हिरव्या मिरच्या खाल्ल्या तेव्हा नाही आठवली अॅसिडिटी.

१३ एप्रिल, गुरुवार

अकोल्याच्या माणिकआत्याचा फोन. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या नातीचा साखरपुडा तेवीस तारखेला, फराळाऐवजी माझी फळांची डिश ठेवायची म्हणते. पहिली मोठी ऑर्डर! मी फोन ठेवून ओरडलेच.

ताई म्हणाल्या, "बेस झालं." बस, एवढंच.

मला त्यांचं काहीच कळेनासं झालं आहे. कामाला येतात. माझ्यापेक्षा बारीक आणि एकसारख्या फोडी करतात, आंब्याचा रससुद्धा काढून देतात. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. चाखायचं नाव नाही. पंगतीलाही बसत नाहीत. मी हल्ली उरलेला रस जेवणात वाढते, तर त्यांना तेव्हाच नेमकं काहीतरी काम आठवतं. नंतर एकट्या भाकर आणि ठेचा खातात. मी काही वावगं बोलले का? त्या दिवशी फोडी जाड झाल्या असं मी म्हणाले होते, ते लागलं का? की माझं चाललेलं पाहवत नाही? असं लिहिताना लाज वाटते, पण मनात आलं ते लिहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला बोलायला लागल्या होत्या. आता पुन्हा मागे मागे जात आहेत, आणि खाणंही कमी झालंय. ज्यांना गुंतवण्यासाठी हे सगळं मांडलं त्याच बाहेर राहिल्या आणि मी मात्र आत पूर्ण अडकले. खरं सांगायचं तर रात्री पडल्यावर मला ताई आठवत नाहीत. डबे आठवतात, बर्फ आठवतो.

१८ एप्रिल, मंगळवार

आज जेवणात रस नव्हता. ताई पंगतीला बसल्या आणि म्हणाल्या, "आखजीले वलगावले जातो मी."

हे म्हणाले, "यंदा अठीच करू, वहिनी. तिकडं कायले? घर बंद हाये."

"उघडीन."

"नाई म्हटलं ना!" हे इतक्या जोराने बोलले की मी दचकले. वहिनीवर यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ताई उठून गेल्या. मी यांना म्हटलं, जाऊ द्या की, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तर म्हणे, "तुले काय समजते? ते घर, तो गोठा… मले त्या घरात पायच ठेवता येत नाई." मग ताट तसंच सोडून गच्चीवर गेले.

सगळे मला रागावून उठून जातात. बर्फ कुठे मिळेल हे मात्र कोणी सांगत नाही.

२४ एप्रिल, सोमवार

कालचा दिवस लिहायचा आहे. काल वही उघडलीच नाही.

सकाळच्या एसटीने निघाले. कुर्बानभाईंनी थर्माकोलची खोकी दिली होती, त्यात बर्फ आणि डबे. मूर्तिजापूरला गाडी बंद पडली, पण बर्फ टिकला. आत्याच्या घरी पोचले तेव्हा रस गारेगार होता. वाट्या मांडल्या, वर डाळिंबाचे दाणे टाकले. दिसत इतकं सुंदर होतं की मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

शहरातल्यांनी खाल्लं, पोरांनी तर दोनदा मागितलं. मग मी ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथे सतरंजीवर वराकडच्या बायका बसल्या होत्या, बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतून आलेल्या. पहिलीच वाटी वराच्या आजीला दिली, पार्बताबाई त्यांचं नाव. त्यांनी वास घेतला.

"काय घातलं व माय याच्यात?"

"आमरस," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. अगदी अलगद, आवाज न करता. "गोड दिसते. पन आखजी होऊ दे, बाई. माह्या धाकट्याले अजून आंबा पोचला नाई. त्याच्या आंधी मी कशी खाऊ?"

शेजारची म्हणाली, "माह्या दिराले." तिच्या पलीकडची, पदर नीट करत, "आमच्याही घरी यंदाचीच घागर हाये." चौथीने वाटी पुढे सरकवली. पाचवीने तिच्याकडे पाहिलं आणि तिनेही सरकवली. वेचून खावं तर तेही शक्य नव्हतं. मी प्रत्येक फोड रसात बुडवून आणली होती.

खोलीभर भरलेल्या वाट्या, आणि वराकडची माणसं उपाशी. आत्या मला परसदारी घेऊन गेली. "आखजीच्या दिवशी मातीची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, गेलेल्या माणसाच्या नावानं एकाले जेवू घालतात, ताटात रस वाढतात. त्याच्या आंधी घरातलं कोनी आंब्याले तोंड लावत नाई. ज्याच्या घरचं मानूस त्याच वर्षी गेलं त्यायनं तं मुळीच नाई. इतकंही ठाऊक नाई तुले?"

"तू विचारलं का नाहीस, काय घालणार म्हणून?"

"मले वाटलं टरबूज-खरबूज आनशीन. तुह्या बापानं सुधारना केली आन् भोगा लागली आमाले!" मग तिने सोयऱ्यांसाठी घाईघाईने शेव-चिवडा मागवला.

मला फार अपमान वाटला. आणि बायका एकमेकींचं पाहून करतात हेही मला माहीत आहे. नाहीतर एकाच सतरंजीवर बसलेल्या इतक्या जणींच्या घरून एकाच वर्षात कोणी ना कोणी कसं गेलेलं असेल?

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. बडनेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी ताई आठवल्या. ओट्यावर ठेवलेली वाटी, आणि कोपरापर्यंत धुतलेले हात. मी अक्षरशः "अरे देवा" म्हणाले. शेजारच्या बाईने विचारलं, काही राहिलं का मागे?

भाऊजींना अजून आंबा पोचलेला नाही. आणि मी त्यांच्या बायकोकडून रोज रस काढून घेत होते, वर चाखत नाही म्हणून फुगत होते.

घरी आले तर ताई दारातच उभ्या. मी आधी रडले आणि मग भांडले, हे उलट व्हायला हवं होतं. "तुम्हाला माहीत होतं! एका शब्दाने सांगितलं का नाही?"

"तू इचारलं काय?"

"मी रोज म्हणत होते, चाखा, चाखा!"

"ते इचारनं नोहे." मग खाली बसल्या आणि मलाही बसवलं. "हे पाय, मी सांगतलं असतं तं तू सारं मोडून टाकलं असतं. देवमनजी म्हनले होते, पौर्णिमाचं घरात मन लागत नाई, एकटी पडते, तिले कामात गुंतवून ठेवा, सोडून जाऊ नोका. म्हून राह्यलो मी अठी. नाई तं कवाच गेलो असतो वलगावले."

देवमनजी म्हणजे आमचे हे. मला? मला गुंतवून ठेवा?

"माझ्या एकटेपणासाठी तुम्ही सहा महिने या खोलीत बसलात?"

"तुह्यं मन लागो म्हून. मले तं अठी जीव घुसमटते, बाई. खिडकीतून नुसती भिंत दिसते."

२५ एप्रिल, मंगळवार

यांच्याशी भांडले. कडाक्याचं. दोघींना एकमेकींच्या राखणीला बसवून स्वतः ऑफिसात फाइली चाळत बसले, असं मी म्हटलं. हे पेपरची घडी घालत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मीच सांगितलं, आखजीला आम्ही दोघी वलगावला जाणार. घागर भावाने भरायची असते. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर शेजारचा कोणी भरेल. हे म्हणाले, "तू कठोर हायेस." असेन.

२८ एप्रिल, शुक्रवार

ताईंनी घागर आणली, दोन ठिकाणी टिचकी मारून पाहिली. कुर्बानभाईंनी आंबे निवडून दिले आणि मी अकोल्याची हकीकत सांगितली तेव्हा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ताई मला म्हणाल्या, "तुह्यं ते फळाचंही कर. त्यायले टरबूज लय आवडे." मी म्हटलं, अकोल्यात एवढी शोभा झाली, आता मी ते पुन्हा करायची नाही. तर म्हणाल्या, "आता कवा खाईन मंग मी?"

मला मात्र एक धास्ती लागली आहे, ती कोणाला बोलून दाखवता येत नाही. ताई इतके दिवस फक्त आखजीसाठी थांबल्या असतील तर? माणूस एखादं कर्तव्य उरकायचं म्हणून जीव धरून राहतो. ते उरकल्यावर?

३० एप्रिल, रविवार, आखजी. वलगाव

हे आले. बसमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसले.

ताईंनी कुलूप काढलं आणि थेट आत गेल्या. हे अंगणातच उभे राहिले. आम्ही दोघींनी जाळ्या काढल्या, सारवलं, रस काढला, पोळ्या केल्या. भाऊजींचे लहानपणापासूनचे सोबती पंजाबराव पितर म्हणून जेवायला आले. घागर मांडली, वर खरबूज ठेवलं. पाणी घालायला ताईंनी यांना हाक मारली, "देवमनजी, या. ते तहानले असतीन."

हे आले. तांब्या घेतला, भावाचं नाव घेतलं आणि पुढे बोलताच येईना. पाणी घागरीत कमी आणि जमिनीवर जास्त पडलं. मोठ्याने रडले, लहान पोरासारखे. दिवाळीनंतर असे पहिल्यांदाच रडले असतील. मला वाटत होतं ऑफिसच्या कामाने माणूस गप्प झाला आहे.

पंजाबराव जेवून गेले. मग आम्ही तिघं बसलो. ताईंनी ताटातला रस संपवला आणि माझ्या फळांची वाटी ओढून घेतली. पहिली फोड खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. वाटी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, "तुमी चारच्या बसनं निघा. मी आता अठीच राहातो. वावर साफ करा लागीन."

"एकटी?" हे म्हणाले आणि पांढरे पडले. माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोल म्हणून.

मग मी बोलले. सहा महिने जे आम्ही दोघंही दाराआड कुजबुजत होतो ते तोंडावर विचारलं. "ताई, खरं सांगा. भाऊजींसारखं काही करणार नाही ना तुम्ही?"

"पौर्णिमा!" हे ओरडले.

"इचारू द्या तिले," ताई म्हणाल्या. "सारे माह्या मांगं मांगं फिरून राह्यले होते, बादल्या वाजवून राह्यले होते. पन इचारलं कोनंच नाई." त्यांनी रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "मराचं असतं तं दुसऱ्यांदा मांगतलं असतं का मी? वाढ."

मी वाढलं. पातेल्यात होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या वाटीत निपटलं. हे उठून मागच्या दाराशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. चारची बस आम्हाला मिळाली नाही.